स्वभावाला औषध नाहीं ?

'स्वभावाला औषध नाहीं' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, ती खरी कीं खोटी हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येतच नाहीं. शेजाऱ्याचा चिकटपणा, भावाचा तापटपणा, सासूचा किंवा सुनेचा फटकळपणा यांविषयीं बोलतांना ती वापरली तर फारसें बिघडत नाहीं. कारण प्रौढ माणसाच्या स्वभावाला औषध देण्याचें काम कोणी आपल्यावर सोंपविलेलें नसतें. परंतु हीच म्हण जेव्हां एखाद्या शाळेंत मधल्या सुटींत, चहाचा पेला हातांत असतांना, एका नऊ वर्षांच्या मुलाला उद्देशून उच्चारली जाते, तेव्हां ती म्हण राहत नाहीं; तो निकाल होतो. बोलणाऱ्याला त्या निकालाचें गांभीर्य जाणवत नाहीं, आणि ज्याच्याविषयीं तो दिला जातो त्याच्या तर तो कानींहि पडत नाहीं. तथापि त्या दिवसापासून त्याची अंमलबजावणी सुरू होते.

ज्या मुलांविषयीं येथें विचार करावयाचा आहे तीं बहुतेक प्रत्येक वर्गांत असतात. एक मूल पांच मिनिटेंहि जागेवर बसूं शकत नाहीं. एक क्षुल्लक कारणावरून शेजाऱ्याच्या अंगावर धांवून जातें. एक आठवडेच्या आठवडे कोणाशीं अक्षरहि बोलत नाहीं. एक खोटें बोलतें आणि तें उघडकीस आलें म्हणजे हंसतें. आजच्या शास्त्रीय भाषेंत त्यांना 'भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेलीं मुलें' असें म्हणतात. नांव लांबलचक आहे खरें. पण मुलाला अडचण आहे, मूल म्हणजे अडचण नव्हे, एवढा विवेक त्यांत आहे. अशा मुलांना कसें शिकवावें याविषयीं पुस्तकें पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याच्याहि आधींचा आहे. अशा मुलाविषयीं शिक्षकानें काय मानावें ? आणि 'मानणें' ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, कीं तिच्याहि ठिकाणीं कर्तव्य आणि अकर्तव्य असा भेद संभवतो ?

अशा मुलांना लावण्यासाठीं आपल्या भाषेंत शब्दांची वाण नाहीं. हूड, उनाड, वांड, द्वाड, अवखळ, खोडकर, आडदांड, कोडगा, निगरगट्ट अशी यादी हवी तेवढी वाढवितां येईल. यांपैकीं 'अवखळ' आणि 'खोडकर' यांत थोडें कौतुक आहे. 'कोडगा' आणि 'निगरगट्ट' यांत आशा सोडल्याची खूण आहे. आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचा प्रवास पुष्कळदां एकाच शैक्षणिक वर्षांत पुरा होतो. परंतु या सर्वांत बोधप्रद शब्द 'व्रात्य' हा होय. धर्मशास्त्रांत योग्य वयांत उपनयन न झाल्यामुळें संस्कारांच्या कक्षेबाहेर राहिलेला जो, तो व्रात्य. मराठींत याच शब्दाचा अर्थ दांडगें, खोडकर मूल असा झाला. म्हणजे बाहेर राहिलेल्या माणसाचा वाचक असलेला शब्द आपण आंत बसलेल्या, पटावर नांव असलेल्या मुलाला लावतों. भाषा येथें नकळत खरें बोलून गेली आहे. ज्याला आपण व्रात्य म्हटलें त्याला मनानें वर्गाबाहेर घालविण्यास आपण प्रारंभ केलेला असतो. आणि मौज अशी कीं, अथर्ववेदाचें पंधरावें कांड सबंध व्रात्याच्या स्तुतीला वाहिलेलें आहे. जो बाहेरचा तो हीनच, हें मत आपल्या परंपरेंतहि एकमुखी नव्हतें.

शिक्षकांच्या बोलण्याचा सारांश काढला तर या मुलांविषयीं मुख्यतः तीन मतें आढळतात. पहिलें मत असें कीं, हें मूल मुळांतच तसें आहे. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. मुलांच्या प्रकृति पाळण्यांतच निरनिराळ्या असतात, हें दोन मुलें वाढविलेल्या कोणत्याहि आईला कळतें. त्याला मानसशास्त्रज्ञाची साक्ष नको. परंतु एखादी गोष्ट उपजत आहे एवढ्यावरून ती अपरिवर्तनीय आहे हें मुळींच सिद्ध होत नाहीं. पुष्कळांच्या डोळ्यांतील दोषाला वंशपरंपरा कारण असते. म्हणून कोणी त्यांना वाचावयास शिकविण्याचें सोडून देत नाहीं. त्यांना चष्मा देतात आणि पुढच्या बांकावर बसवितात. स्वभावाच्या बाबतींत मात्र आपण बरोबर उलट करतों : ज्याला शिक्षकाच्या सान्निध्याची सर्वांत अधिक गरज, त्याला सर्वांत मागच्या बांकावर बसवितों.

दुसरें मत असें कीं, दोष घरच्या वळणाचा आहे. याला पुण्यासारख्या शहरांत पुरावे हवे तेवढे सांपडतात. हिंजवडीच्या कचेरींतून रात्रीं नऊ वाजतां परतणारे आईबाप, वस्तींतील एका खोलींत रोज संध्याकाळीं होणारें भांडण, बांधकामाबरोबर मुक्काम हलविणाऱ्या मजुरांचीं वर्षांत तीन ठिकाणीं राहणारीं मुलें, हें सारें खरें आहे आणि मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतोच. पण हें मत सांगणाऱ्यांनीं तें घर बहुधा पाहिलेलें नसतें. आणि पाहिलेलें असलें तरी एक प्रश्न शिल्लकच राहतो. घर शिक्षकाच्या हातांत नाहीं. शाळेचे पांच-सहा तास आहेत. जें हातांत नाहीं त्याचें वर्णन करण्यांत जें हातांत आहे तें निसटून जातें. घर शाळेकडे बोट दाखवितें, शाळा घराकडे. आणि मूल दोघांच्या मध्यें उभें राहून दोघांकडे पाहत असतें.

तिसरें मत अगदीं अलीकडचें आणि दिसावयास सर्वांत सहृदय आहे. तें म्हणतें, हा दोष नव्हे, हा आजार आहे. अवधानाची अस्थिरता, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता हे शब्द आतां मध्यमवर्गीय घरांतहि परिचित झाले आहेत. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि मानसिक आजार यांना आपल्या सूचींत स्थान दिलें आहे. या ज्ञानाचे उपकार मोठे आहेत. 'मुद्दाम करतो' हा आरोप त्यानें असंख्य मुलांच्या माथ्यावरून उतरविला. परंतु औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे. निदानाचा उपयोग या मुलाला कसें शिकवावें हें कळण्यासाठीं व्हावयास हवा. तो 'हें काम डॉक्टरांचें, आमचें नव्हे' असें म्हणण्यासाठीं होऊं लागला, म्हणजे जुन्या 'कोडगा' या शब्दाच्या जागीं एक नवा, सभ्य शब्द आला एवढेंच झालें. समुपदेशकाकडे अर्धा तास बसून आलेलें मूल उरलेला सारा दिवस त्याच वर्गांत, त्याच शिक्षकापुढें बसणार असतें.

या तिन्ही मतांत एक साम्य आहे. प्रत्येक मत कारणाला वर्गाच्या चार भिंतींबाहेर नेऊन ठेवतें : एक रक्तांत, दुसरें घरांत, तिसरें मेंदूंत. बर्नार्ड वाइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें दाखविलें आहे कीं, दुसऱ्याचा दोष त्याच्या स्वाधीन आहे असें वाटलें तर आपल्याला राग येतो, आणि तो त्याच्या स्वाधीन नाहीं असें वाटलें तर कींव येते. आपल्या शाळांतून याचा प्रत्यय रोज येतो. 'मुद्दाम करतो' असें मानणारा शिक्षक चिडतो. 'बिचाऱ्याच्या हातांत नाहीं' असें मानणारा त्याला गृहपाठांतून सूट देतो. रागानें शिक्षा होते, कींव सवलत देते; शिकविण्याचें काम दोहोंकडूनहि होत नाहीं.

कायद्यानें या बाबतींत बराच पल्ला गांठला आहे. मुंबईंत १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली, तेव्हां मुलांना प्रौढ कैद्यांपासून निराळें ठेवणें हीच मोठी सुधारणा होती. १८९७ च्या सुधारशाळा कायद्याच्या दृष्टीनें पंधरा वर्षांखालील असा मुलगा प्रथम 'गुन्हेगार' होता, मग अल्पवयी. १९२४ सालीं मुंबई इलाख्यानें जो कायदा केला त्याच्या नांवांतच 'मुलें' हा शब्द आला. आणि १९३७ सालीं मुंबईच्या टाटा समाजकार्य विद्यालयानें मुलांच्या मनोविकारांसाठीं मार्गदर्शन-केंद्र काढलें, तेव्हां न्यायाधीशाच्या जागीं ऐकून घेणारा माणूस बसला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली, आणि त्या कायद्याखालीं येणाऱ्या शाळांस प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याहि मुलाला काढून टाकतां येत नाहीं. पंतोजींच्या काळच्या ओणवें उभें करण्याच्या आणि अंगठे धरविण्याच्या शिक्षा आतां गोष्टींत उरल्या आहेत, निदान असावयास हव्यात. पण कायद्याची धांव हातापर्यंत असते. मनापर्यंत ती पोंचत नाहीं. छडी गेली, आणि तिच्या जागीं दैनंदिनींतला तांबड्या शाईचा शेरा आला. 'आपल्या पाल्यास दुसरी शाळा अधिक मानवेल' असा गोड शब्दांतला सल्ला आला. मुलाविषयींचें मत तेंच राहिलें.

म्हणून प्रश्न मताचाच आहे. या प्रश्नाला तत्त्वज्ञानांत एक प्रसिद्ध वाद उपयोगी पडण्यासारखा आहे. इंग्लंडांतील गणिती विल्यम क्लिफर्ड यानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतिमत्तेवर एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें एका जहाजमालकाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज जुनें, डागडुजी मागणारें. मालकाच्या मनांत शंका आली, पण त्यानें ती दाबून टाकली आणि जहाज सुखरूप जाईल अशी मनाची प्रामाणिक खात्री करून घेतली. जहाज बुडालें. क्लिफर्ड म्हणतो कीं, हा मनुष्य दोषी आहे. आणि जहाज न बुडतां पैलतीरीं पोंचलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता, कारण त्याला तसें मानण्याचा अधिकारच नव्हता. पुरेशा पुराव्यावांचून कांहींहि मानणें हें त्याच्या मतें नीतिबाह्य आहे.

हा नियम अतिशय कडक आहे. पण तो आपल्या शिक्षकाला लावून पाहूं. 'हा मुलगा सुधारणार नाहीं' या विधानाला पुरावा कोणता ? दोन सत्रांचा सहवास, एक खोली, एक शिक्षक, शिकविण्याची एक तऱ्हा. यावरून 'या खोलींत, या तऱ्हेनें, अजून सुधारला नाहीं' एवढेंच म्हणतां येईल. 'कधींच सुधारणार नाहीं' असें म्हणण्यास त्याचें सारें आयुष्य पाहून झालेलें असलें पाहिजे, आणि तें तर नऊ वर्षांचेंच आहे. म्हणजे ज्याला आपण अनुभवी माणसाचा व्यवहारी, कठोर निष्कर्ष समजतों, तोच पुराव्यावांचून केलेला निष्कर्ष ठरतो. आशावादी मनुष्य भोळा आणि निराशावादी मनुष्य वास्तववादी, असा जो आपला समज आहे तो येथें तरी टिकत नाहीं.

क्लिफर्डला उत्तर म्हणून अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें १८९६ सालीं निराळा मुद्दा मांडला. कांहीं सत्यें अशीं असतात कीं, त्यांवर आधीं विश्वास ठेवल्यावांचून तीं अस्तित्वांतच येत नाहींत. मैत्री हें त्याचें उदाहरण. समोरचा मनुष्य आपल्याला मित्र मानतो याचा पुरावा हातीं आल्यावरच मी त्याच्याशीं मोकळेपणानें वागेन, असें जो म्हणेल त्याला मित्र मिळणार नाहींत. उद्यां सूर्यग्रहण होईल कीं नाहीं हें माझ्या मानण्यावर अवलंबून नाहीं. पण उद्यां वर्गांतलें तें मूल माझ्याकडे मान वर करून पाहील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं आहे. शिक्षकाचा विश्वास हा मुलाविषयींचा केवळ अंदाज नसतो. मूल ज्या हवेंत वाढतें त्या हवेचा तो भाग असतो.

याला प्रयोगाचा आधार देण्याचा प्रसिद्ध यत्न रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांच्या १९६८ सालच्या ग्रंथांत आहे. कॅलिफोर्नियांतील एका शाळेंत सुमारें एकपंचमांश मुलांचीं नांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडलीं, आणि हीं मुलें लवकरच चमकतील असें शिक्षकांस सांगितलें. वर्षाअखेर, विशेषतः अगदीं खालच्या वर्गांत, त्या मुलांची बुद्धिमापनांतील प्रगति इतरांहून अधिक दिसली. या प्रयोगावर पुढें कडक टीका झाली, आणि असा परिणाम घडतो तो बहुधा लहानसा असतो असेंहि दिसून आलें. तेव्हां त्यावर फार मोठी इमारत उभारणें बरें नव्हे. परंतु वर्गांत बसून निरीक्षण करणाऱ्यांनीं एक साधी गोष्ट नोंदली आहे : ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा असते त्याच्या उत्तरासाठीं शिक्षक अधिक वेळ थांबतो. ज्याच्याकडून नसते, त्याच्यापुढून प्रश्न चटकन् दुसऱ्याकडे जातो. असे दोन-तीन क्षण दिवसांतून दहा वेळां, वर्षांतून दोनशें दिवस. मतांचे परिणाम होतात ते असे, आवाज न करतां.

आणि पुणेकरांना यासाठीं कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां स्त्रीच्या ठिकाणीं विद्या टिकत नाहीं असें शहरांतील बहुसंख्य विद्वान मानीत होते, आणि आपलें मत अनुभवावर आधारलेलें आहे असेंच त्यांना प्रामाणिकपणें वाटत होतें. शिकलेल्या मुली त्यांनीं पाहिल्याच नव्हत्या. पण त्या नव्हत्या याचें कारण त्यांचें तें मतच होतें ! मतानें पुरावा निर्माण होऊं दिला नाहीं, आणि पुरावा नाहीं म्हणून मत बळावलें. १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मातंग समाजांतील मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, आणि एका चौदा वर्षांच्या पोरीनें तें वर्तुळ फोडलें. आज मुलीविषयीं तसें बोलण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. पण तेंच वर्तुळ आपण दांडग्या, रुसलेल्या, घाबरलेल्या मुलाभोंवतीं पुन्हां आंखतों, आणि त्यालाहि अनुभवच म्हणतों.

याहून जुना एक दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्याकडे या दृष्टीनें आपण क्वचितच पाहतों. पंचतंत्राची सुरुवातच मुळीं तीन न शिकणाऱ्या राजपुत्रांपासून होते. सभेंतील पंडित सांगतात कीं, एकट्या व्याकरणालाच बारा वर्षें लागतात. विष्णुशर्मा सहा महिने मागतो आणि प्रतिज्ञा करतो कीं, एवढ्या अवधींत हे मुलगे नीतिशास्त्रांत निपुण झाले नाहींत तर मी माझें नांव टाकून देईन. या प्रतिज्ञेंतील नैतिक आशय लक्षांत घेण्यासारखा आहे. मुलें शिकलीं नाहींत तर नांव जाणार तें गुरूचें, मुलांचें नव्हे. मग तो काय करतो ? शास्त्र बाजूला ठेवून गोष्टी सांगूं लागतो. कित्येक शतकांनंतर भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनीं 'दिवास्वप्न' या पुस्तकांत चौथीच्या वर्गावर प्रयोग करणारा एक शिक्षक रंगविला, तेव्हां त्याचाहि पहिला दिवस सपशेल फसतो. शांततेचा खेळ घ्यावयास जावें तों मुलें आरडाओरडा करतात, आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशीं तो येतो तो मुलांविषयीं मत बनवून नव्हे, बेत बदलून. आणि तोहि गोष्टीच सांगूं लागतो.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें, आणि पुण्याच्या हुजूरपागेंत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना जाऊन मिळाल्या; १९५७ सालीं हें काम कोसबादच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें शाळेंत येत नसत, आलीं तर टिकत नसत. 'या मुलांना शिक्षणाची गोडीच नाहीं' असें म्हणून मोकळें होणें अगदीं सोपें होतें. या दोघींनीं विचारलें, मुलें त्या वेळीं असतात कोठें ? तीं कुरणांत गुरें राखीत होतीं. तेव्हां शाळाच कुरणांत गेली, आणि 'कुरणशाळा' हा शब्द मराठींत आला. मुलाच्या वागण्यांत शाळेविषयींचा अभिप्राय असूं शकतो, तो दरवेळीं मुलाचाच दोष नसतो, हा शोध त्यामागें आहे. इंग्लंडांतील ए. एस. नील या शिक्षकाच्या तीन पुस्तकांचीं नांवें या बाबतींत बोलकीं आहेत. १९२६ सालीं त्यानें 'समस्यारूप मूल' लिहिलें, १९३२ सालीं 'समस्यारूप पालक', आणि १९३९ सालीं 'समस्यारूप शिक्षक'. तेरा वर्षांत त्याचें बोट फिरत फिरत स्वतःच्या धंद्याकडे आलें.

येथवर वाचून एखादा शिक्षक रागावला तर त्याचा राग अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. तो म्हणेल, 'हें सारें ठीक आहे. पण माझ्या वर्गांत त्या एका मुलाखेरीज आणखीहि मुलें आहेत. ज्याच्या हाताला त्यानें चावा घेतला त्या मुलाच्या आईला मी विल्यम जेम्स सांगूं काय ?' आक्षेप खरा आहे. कायद्यानें प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक आणि त्यावरच्या वर्गांत पस्तीस मुलांमागें एक शिक्षक ठरविला आहे. प्रत्यक्षांत अनेक वर्गांत याहून अधिक मुलें बसतात. शिवाय जनगणना आणि निवडणूक हींहि कामें शिक्षकाकडेच येतात. त्याला पुरेसा वेळ द्यावयाचा नाहीं, जोडीला माणूस द्यावयाचा नाहीं, आणि श्रद्धा मात्र अढळ मागावयाची, हा समाजाचा दांभिकपणा आहे. थकलेल्या माणसाची निराशा पुष्कळदां मत नसतेच. तो थकवाच असतो. 'स्वभावाला औषध नाहीं' असें म्हटलें कीं, औषध शोधण्याचें ओझें खालीं ठेवतां येतें. तें त्यानें कां ठेवलें याचा जाब एकट्या त्याला विचारणें अन्यायाचें होईल. ज्या पालकांना स्वतःच्या मुलाच्या वर्गांत असें मूल नको असतें, त्यांनाहि तो विचारला पाहिजे.

परंतु आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे इतर मुलांच्या हिताचा, हा वाटतो तितका एकेरी नाहीं. चावणाऱ्या मुलाचा हात धरला पाहिजे, दुसऱ्याला इजा होऊं देतां कामा नये, याविषयीं वाद नाहीं. विश्वास म्हणजे मोकळीक नव्हे. उलट ज्याच्याविषयीं आशा आहे त्यालाच आपण नियम सांगतों, आशा सुटलेल्याला नुसते सोसतों किंवा हांकलतों. पण वर्गांतलीं बाकीचीं मुलें त्या वेळीं नुसतीं धडा गिरवीत नसतात. त्या एकाचें काय होतें हें तीं टक लावून पाहत असतात. चुकलेल्याला येथें परत यावयास जागा आहे कीं नाहीं, हें त्यांना त्या दिवशीं कळतें; आणि प्रत्येक मूल आपण केव्हां तरी चुकूं हें मनांतून जाणून असतें. एकाला बाहेर घालवून उरलेल्यांना जी शांतता मिळते, तींत धाकाचा अंश राहतोच.

पांच वर्षें लाड करावे, दहा वर्षें ताडन करावें आणि सोळावें लागलें कीं मित्राप्रमाणें वागवावें, असा उपदेश करणारें एक सुभाषित आपल्याकडे दहा पिढ्या पाठ आहे. त्याच्या शेजारीं पसायदान ठेवून पाहावें. ज्ञानेश्वरांनीं तेथें दुर्जनांचा नाश मागितलेला नाहीं. त्यांचा वांकडेपणा गळून पडावा एवढेंच मागितलें आहे. मनुष्य आणि त्याचें वागणें यांत फट आहे, आणि त्या फटींतूनच सुधारणा शिरते, हा त्यांतला विचार आहे. आपल्या कितीतरी शाळांतून पसायदान प्रार्थना म्हणून म्हटलें जातें. प्रार्थना संपते, हजेरी सुरू होते, आणि 'वांकडेपणा' व 'वांकडा' हे शब्द पुन्हां एक होऊन जातात.

आतां एक गोष्ट जरा स्पष्टच बोलली पाहिजे. हट्टी मुलाचें कौतुक आपल्याला मुळींच येत नाहीं असें नाहीं. वर्गांत पडलेल्या शेंगांच्या टरफलांबद्दल शिक्षा घेण्याचें नाकारणाऱ्या बाळ टिळकांची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 'मीं टरफलें टाकलीं नाहींत, मी शिक्षा घेणार नाहीं' असें म्हणणारा मुलगा आपल्याला बाणेदार वाटतो. पण तेंच वाक्य आज तिसऱ्या बांकावरचा मुलगा उच्चारील तर त्याच्या दैनंदिनींत 'उलट उत्तरें देतो' असा शेरा पडेल. बाणेदार कोण आणि उर्मट कोण, हें आपण पुढच्या कीर्तीवरून मागाहून ठरवितों. २००७ सालीं आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटानें अक्षरांशीं झगडणाऱ्या मुलाची व्यथा घरोघर पोंचविली, हें त्याचें मोठें श्रेय. पण त्यांतला मुलगा उत्कृष्ट चित्रकार निघतो, आणि प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो. तो चित्रकार निघाला नसता तर ? त्याच्या अंगीं कोणताच गुप्त गुण नसता, तो पुढें एक सामान्य कारकून किंवा रिक्षावाला होणार असता, तर त्याच्यासाठीं थांबण्याचें कारण कमी झालें असतें काय ? आपली सहानुभूति भावी मोठेपणाच्या तारणावर दिलेलें कर्ज असेल, तर तिला सहानुभूति म्हणण्यांत अर्थ नाहीं. दांडग्या मुलाचा शिक्षकावर जो हक्क आहे, तो तो पुढें टिळक होण्याचा संभव आहे म्हणून नव्हे. तो आज मूल आहे म्हणून.

तेव्हां शिक्षकानें काय मानावें ? 'हें मूल नक्की सुधारेल' असें मानण्याची सक्ती त्याच्यावर करतां येणार नाहीं. तेंहि पुराव्यावांचूनच होईल, आणि अशी उसनी श्रद्धा पहिल्या फसलेल्या दिवसाबरोबर मोडते. मागावयाचें तें याहून थोडें आहे, पण अधिक टिकाऊ आहे : 'या मुलाचें मला अजून कळलेलें नाहीं' एवढें त्यानें मानावें. हें वाक्य क्लिफर्डलाहि मान्य होईल, कारण तें अक्षरशः खरें आहे. आणि जेम्सलाहि, कारण त्यांतील 'अजून' या शब्दांत उद्यांचें दार उघडें राहतें. 'त्याला शिकतां येत नाहीं' असें म्हणणाऱ्याचें काम तेथेंच संपतें. 'मला कळलेलें नाहीं' असें म्हणणाऱ्याला मात्र उद्यां सकाळीं कांहींतरी करून पाहावें लागतें : बांक बदलावा लागतो, प्रश्नानंतर दोन क्षण अधिक थांबावें लागतें, घरीं जाऊन यावें लागतें, जाणत्याला विचारावें लागतें, कधीं नुसतें शेजारीं बसावें लागतें. त्यांतलें पुष्कळसें फसेल. फसलें म्हणजे काय फसलें हें लिहून ठेवावें. तें ज्ञान पुढच्या वर्षींच्या शिक्षकाच्या उपयोगीं पडेल, 'कोडगा' हा शेरा पडणार नाहीं.

वैद्य जेव्हां 'औषध नाहीं' असें म्हणतो, तेव्हां त्यानें नाडी पाहिलेली असते, चार औषधें देऊन पाहिलेलीं असतात, आणि तरीहि तें वाक्य रोग्याच्या नातेवाइकांस सांगतांना त्याचा आवाज खालीं येतो. आपली म्हण नाडी न पाहतांच बोलते. शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयीं ती खुशाल वापरावी. ज्याच्या हातांत हजेरीपट आहे, त्याला मात्र ती वापरण्याचा अधिकार नाहीं.